कच्च्या लिंबूची बॅट

दोस्तहो,

एकाच पाकिटातून दोन पत्रं यावीत आणि दोन्ही पत्रांत एकमेकांची तक्रार असावी, असं आमच्या टपालात क्वचितच घडतं. या आठवड्यात घडलं. पाकिटावर शिक्का पेणचा. आत एक पत्र पेणच्या, नववीतल्या दोस्ताचं आणि दुसरं त्याच्या आतेबहिणीचं. ती राहते रोह्याला, पण सुट्टी लागली की दिवा गाडी पकडून थेट पेणला आजोळी हजर. दोघंही टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात आणि (दोघांच्याही म्हणण्यानुसार) झकास खेळतात. आजोबांच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारून दोघांनी दोन वर्षांत बक्षिशी साठवली आहे. त्या पैशांत दोघांत मिळून एक चांगली बॅट घ्यायची आहे. एकच. आणि इथंच घोडं पेंड खातंय!

दुकानात दोन बॅटी पसंत पडल्या. एक नेहमीसारखी, पाठीवर मधोमध जाड. दुसरी पाठीमागून कोरलेली, कडा मात्र जाडजूड. दुकानदार म्हणाले, "ही कोरलेली घ्या, चुकलेला फटकासुद्धा माफ करते." झालं! दोस्त म्हणतो, "माफी कच्च्या लिंबूंना लागते. आम्ही काय कच्चे लिंबू आहोत?" बहीण म्हणते, "गेल्या फायनलला तुझा फटका बॅटीच्या कडेला लागून जागच्या जागी उडाला आणि झेल गेला, तेव्हा माफी मिळाली असती तर बरं झालं असतं ना?"

आता गंमत पुढेच आहे. दोस्ताचे काका, म्हणजे बहिणीचे मामा, खारघरच्या गोल्फ मैदानावर हिरवळ राखायच्या कामावर आहेत. त्यांनी हे भांडण ऐकलं आणि हसून म्हणाले, "अरे, हेच भांडण आमच्याकडे रोज चालतं. बॅटीवरून नाही, ड्रायव्हरवरून!" म्हणून दोघांनी आम्हाला विचारलं आहे: गोल्फवाले याचा निकाल कसा लावतात?

वा, प्रश्न फक्कड आहे. चला तर मग खारघरला!

ड्रायव्हर, पण एसटीचा नव्हे

खारघर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्याच पनवेल तालुक्यातलं गाव. तिथं डोंगराच्या कुशीत सिडकोनं गोल्फचं मैदान केलं, ते २०१२ साली सुरू झालं. गोल्फमध्ये दूरच्या एका लहानशा खळग्यात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा असतो. त्यासाठी खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या असू शकतात. त्यातली सगळ्यात लांब काठी आणि सगळ्यात मोठ्या डोक्याची काठी एकच. तीच ड्रायव्हर. लांबच्या खळग्यासाठी पहिला, सगळ्यात दूर जाणारा फटका हिनंच मारतात.

चेंडू किती मोठा? वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे मोठ्या लिंबाएवढाच. नामांकित खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं चेंडूवर आदळतं तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. आणि दोघांची भेट किती वेळ टिकते ठाऊक आहे? सेकंदाचे दोन हजार भाग करा, त्यातला साधारण एक भाग! एवढ्या वेळात मनात 'अरेरे' सुद्धा येत नाही. म्हणजे चेंडू डोक्याच्या बरोबर मध्यावर लागला नाही, तर ती चूक खेळाडू सुधारू शकत नाही. सुधारली तर काठीनंच सुधारायची.

साखरेचे खडे आणि आइस्क्रीमच्या काड्या

चूक माफ करणारी काठी ही कल्पना नीट रुजवली ती कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरनं. जन्म नॉर्वेतला, नोकरी अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत. गोल्फ तो बराच उशिरा शिकला. हिरवळीवर चेंडू हळूच ढकलायची जी काठी असते, तिला पटर म्हणतात. त्याचा पटर चेंडू मध्यावर लागला नाही की हातात वळायचा. त्यानं काय करावं? साखरेचे दोन चौकोनी खडे घेतले, आइस्क्रीमच्या दोन काड्या घेतल्या, त्या चिकटवून छोटासा नमुना केला आणि वजन दोन्ही टोकांना ठेवलं तर काय होतं ते पाहिलं. मग १९५९ साली घराच्या गॅरेजमध्ये खराखुरा पटर बनवला. चेंडूला लागताना त्यातून 'पिंग' असा आवाज यायचा. पुढे त्याच्या कंपनीचं नावही तेच पडलं, पिंग!

ड्रायव्हरचं डोकं तेव्हा भरीव लाकडाचं असायचं. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीनं धातूचं पोकळ डोकं बाजारात आणलं. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीची 'बिग बर्था' आली. तिचं डोकं १९० घनसेंटीमीटर होतं आणि लोक म्हणाले, बापरे, केवढं हे! आज नियमानं ४६० घनसेंटीमीटरपर्यंत परवानगी आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा जरासंच कमी. आणि वजन मात्र साधारण २०० ग्रॅम.

एवढं मोठं आणि इतकं हलकं? पेणकरांना हे कोडं पडायला नको! साच्यातून काढलेली गणपतीची मूर्ती उलटी करून पाहिली आहेत ना? आत पोकळ. सगळं वजन बाहेरच्या भिंतीत. ड्रायव्हरही तसाच. भिंत पातळ टायटॅनियमची आणि पोट रिकामं.

लिंबाएवढे दोन गोळे

आता आपण सोल्हाइमचाच प्रयोग पेणच्या मातीत करू. लाकडी फूटपट्टी घ्या. बरोबर मध्यावर दोरा बांधून ती आडवी टांगा. शाडूचे लिंबाएवढे दोन सारखे गोळे करा. आधी ते मध्यापासून तीन-तीन सेंटीमीटरवर चिकटवा. पट्टीच्या एका टोकाला आडवी टिचकी मारा. गर्रकन फिरली? आता तेच गोळे बारा-बारा सेंटीमीटरवर न्या आणि तशीच टिचकी मारा. पट्टी अगदी आळशासारखी वळेल.

वजन तेच, टिचकी तीच. मग बदललं काय? वजनाची जागा. फिरवायला होणाऱ्या या विरोधाला शास्त्रात 'जडत्व आघूर्ण' असं भारदस्त नाव आहे. ते अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. अंतर चौपट केलं की विरोध सोळापट!

गणित करून पाहा. प्रत्येक गोळा १०० ग्रॅमचा धरा. तीन सेंटीमीटरवर असताना: १०० × ३ × ३, आणि असे दोन गोळे, म्हणजे १,८००. आता ड्रायव्हरचा नियम ऐका. स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था गोल्फचे नियम ठरवतात. त्यांनी ड्रायव्हरच्या डोक्यासाठी ही मर्यादा ५,९०० ठेवली आहे. म्हणजे तुमचे दोन गोळे मध्यापासून साधारण ५.४ सेंटीमीटरवर ठेवल्यासारखं. यापेक्षा जास्त माफी द्यायची नाही!

माफी कशाची आणि कशाची नाही

चेंडू डोक्याच्या टोकाकडे लागला तर डोकं टिचकी बसलेल्या पट्टीसारखं वळतं. वळण्यात जोर वाया जातो, म्हणून चेंडू जवळ पडतो. शिवाय तो भलतीकडे निघतो. जास्त विरोध असलेलं डोकं कमी वळतं, म्हणून चुकलेला फटका चांगल्या फटक्याच्या जवळपास जातो. एवढीच ती माफी.

पण एक चूक कुठलाच ड्रायव्हर माफ करत नाही. तुम्ही काठीचं तोंडच वाकडं धरून आणलंत तर? तोंड पाच अंशांनी उजवीकडे असेल आणि चेंडू साधारण त्याच दिशेनं गेला, तर २०० मीटर अंतरावर तो सतरा-साडेसतरा मीटर बाजूला असेल. तिथं झाडी असली की चेंडू शोधत बसा. तेव्हा "घ्या ही काठी आणि व्हा चॅम्पियन" असं कुणी म्हणालं तर दोन्ही हात जोडून पुढे चालू लागा.

परीक्षा अशी घेतात

आता मुख्य मुद्दा. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला. ते ऑलिंपिक २०२० चं, पण भरलं २०२१ मध्ये. अशा तयारीच्या खेळाडूंनी माफ करणारा ड्रायव्हर घ्यावा का? हे तोंडानं ठरत नाही. परीक्षा घ्यावी लागते.

एक परीक्षा यंत्राची. यंत्राचा हात हुबेहूब सारखा झोका देतो. मग चेंडू मुद्दाम मध्यावर, टोकाकडे, दांड्याकडे, वर, खाली असा ठेवून प्रत्येक वेळी किती नुकसान झालं ते मोजतात. पण यंत्र काही स्पर्धा खेळत नाही. म्हणून दुसरी परीक्षा माणसाची, आणि तिथं चार पथ्यं पाळावी लागतात.

पहिलं: काठीच्या तोंडावर पावडरचा पातळ थर मारतात. चेंडूचा ठसा उमटतो आणि तो कुठं लागला ते कळतं. चांगल्या खेळाडूंनाही इथं धक्का बसतो. आपण सगळे फटके मध्यावर मारतो असं वाटत असतं, ठसे मात्र इकडेतिकडे विखुरलेले असतात. कच्च्या खेळाडूच्या ठशांपेक्षा ते जवळजवळ असतात, इतकंच.

दुसरं: आधी एका काठीनं तीस आणि मग दुसरीनं तीस, असं करायचं नाही. नाहीतर दुसरीच्या वाट्याला दमलेले हात येतात. पाच-पाच फटक्यांनी काठ्या आलटून पालटून घ्यायच्या.

तिसरं: एकही फटका खोडायचा नाही. "हा माझा खरा फटका नव्हता" असं म्हणायची सोय नाही. अहो, तोच तर पाहायचा आहे!

चौथं: मोजणाऱ्याला कुठली काठी चालू आहे ते सांगायचं नाही. महागडी काठी दिसली की टेप आपोआप सैल होते.

आता समजा, एका तयारीच्या खेळाडूनं लाल आणि निळ्या ड्रायव्हरनं सहा-सहा फटके मारले. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. अंतर मीटरमध्ये:

लाल: २३२, २३०, २३१, १९६, २२९, २०२.
निळा: २२५, २२४, २२६, २१४, २२४, २१३.

पटकन सांगा, कुठला चांगला? 'लाल' म्हणालात ना? २३२ पाहून डोळे दिपले! आता सरासरी काढा. लालची २२०, निळ्याची २२१. जवळपास सारखीच. मग सगळ्यात वाईट फटके पाहा. लालचा १९६, निळ्याचा २१३. आता वाटेत एक तळं आहे आणि त्याचा पलीकडचा काठ २०५ मीटरवर आहे असं धरा. लाल काठीचे दोन चेंडू बुडाले, निळीचा एकही नाही. बुडालेल्या प्रत्येक चेंडूला एक फटका दंड!

म्हणून दोस्तहो, काठी निवडताना तिचा सगळ्यात चांगला फटका किती दूर गेला ते पाहायचंच, पण त्याआधी विचारायचं: हिचा सगळ्यात वाईट फटका किती वाईट आहे?

मग सगळे निळीच का घेत नाहीत?

कारण माफी फुकट मिळत नाही. विरोध वाढवायचा तर वजन डोक्याच्या मागच्या बाजूला, दूर न्यावं लागतं. त्यानं चेंडू उंच उडतो, पण त्याची फिरकीही बऱ्याचदा वाढते. फिरकी फार झाली की चेंडू हवेत चढतो आणि पुढं कमी जातो. वजन पुढे आणि खाली ठेवलं तर फिरकी कमी होते, पण माफीही कमी होते. जोरात मारणाऱ्या खेळाडूला कमी फिरकी हवीशी वाटते. काहींना चेंडू मुद्दाम डावी-उजवीकडे वळवायचा असतो. त्यांना लहान, चपळ डोकं आवडतं. आणि कित्येकांना चूक झाली की ती हाताला झिणझिणीसारखी कळायला हवी असते. माफ करणाऱ्या काठीत ती जाणीव जरा बोथट होते.

तेव्हा पेणच्या दोस्ताचं म्हणणं अगदीच चूक नाही. चांगल्या खेळाडूला काही गोष्टी माफीपेक्षा जास्त मोलाच्या असू शकतात. पण "मी चांगला आहे, म्हणून मला माफी नकोच" हे मात्र चूक. चांगला खेळाडू म्हणजे न चुकणारा खेळाडू नव्हे. त्याच्या चुका लहान असतात. आणि लहान चुकांवरच सामने हरतात की नाही, ते त्यानं फायनलला पाहिलंच आहे.

आता तुमची बॅट

तुम्हाला ठाऊक आहे का, ती पाठ कोरलेली बॅट गोल्फच्या घरातूनच आली आहे? काठीचं वजन कडांना न्यायची गोल्फमधली युक्ती बॅटीला लावली गेली आणि १९७४ मध्ये ग्रे-निकल्स या इंग्लिश कंपनीनं 'स्कूप' नावाची बॅट बाजारात आणली. पाठीचं लाकूड मधून कोरलेलं, कडा भरीव. साखरेच्या खड्यांची गोष्ट फिरत फिरत पेणच्या दुकानापर्यंत आली ती अशी!

म्हणजे परीक्षाही तीच घ्यायची. दुकानदारांना विनंती करून किंवा टीममधल्या कुणाची तशी बॅट मागून दोन्ही प्रकार मैदानावर न्या. बॅटीवर खडूची भुकटी चोळा, म्हणजे बॉल कुठं लागला ते दिसेल. एकाच मुलानं ठरावीक जागेवरून खालून हळू बॉल टाकायचा. मारणाऱ्यानं सरळ फटका मारायचा. पाच बॉल एका बॅटीनं, पाच दुसरीनं, पुन्हा पाच पहिलीनं. पहिला टप्पा जिथं पडेल तिथपर्यंत पावलं मोजायची. मोजणाऱ्यानं बॅटींकडे पाठ करून उभं राहायचं. बॉल जमिनीवर पडल्याचा आवाज झाल्यावर तिसऱ्यानं जागा दाखवायची. एका संध्याकाळी निकाल लावू नका. तीन संध्याकाळी तरी खेळा आणि दोघांनीही मारा. कारण बॅट दोघांची आहे.

वहीत चार रकाने करा: बॅट, बॉल कुठं लागला, किती पावलं, कुठल्या बाजूला. मग सरासरी काढा. मग प्रत्येक बॅटीचे सगळ्यात वाईट पाच फटके वेगळे काढून त्यांची सरासरी काढा. आणि ठसेही मोजा. दोस्ता, तुझे ठसे खरोखरच मध्यावर दाट असले आणि नेहमीची बॅट जास्त लांब मारत असली, तर ती बॅट तुझी, बहिणीनं हरकत घ्यायचं कारण नाही. पण ठसे कडेला सांडलेले दिसले तर कोरलेली बॅट घ्यायला कमीपणा वाटू देऊ नकोस. ती तुला कच्चा लिंबू म्हणत नाही. तुझ्या वहीत जे लिहिलं आहे, तेवढंच ती सांगते.

ताई, तुलाही एक सांगणं. कोरलेली बॅट आली म्हणून सराव कमी करू नकोस. कडेला लागलेला बॉल ती जरा दूर नेईल, पण बॅटीचं तोंडच वाकडं आलं तर तीही काही करू शकत नाही. आठवड्यातून एकदा खडू चोळून ठसे बघायचे. बॅट माफ करते म्हणून आपण आपल्याला माफ करायचं नाही!

एक अडचण येणार हेही सांगून ठेवतो. सगळ्यात अवघड काम फटका मारायचं नाही आणि मोजायचंही नाही. सगळ्यांसमोर आपला फुसका फटका निमूटपणे वहीत लिहायचं काम अवघड आहे. खोडरबर घरी ठेवून जा. जो आपला वाईट फटका स्वतःच्या हातानं लिहितो, तो फार दिवस कच्चा लिंबू राहत नाही.

दोघांच्या वहीचं पान आम्हाला जरूर पाठवा. बाकीच्या दोस्तांनी आपापल्या बॅटीची परीक्षा घेऊन कळवा. निकाल काहीही असो, सगळ्यात वाईट फटका लिहायला विसरू नका.

आणि आता या आठवड्याचं डोकेफोड: डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांबलचक बांबू आडवा का धरते? छोटी काठी धरली तर नाही का चालणार? इशारा देतो: फूटपट्टी आणि शाडूचे गोळे आठवा. उत्तर पुढच्या अंकात.

भेटूच!

तुमचा,
मैदानकाका